अवर्षण आणि टंचाई : माणदेशाच्या दोन संहिता

मराठीतील प्रादेशिक साहित्याची चर्चा करताना 'पार्श्वभूमी' ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते. कादंबरीतील भूप्रदेश, तेथील हवामान, पिके, बोली यांची नोंद 'पार्श्वभूमी'च्या खात्यात करून समीक्षक पुढे पात्रचित्रणाकडे वळतो. कोकणातील पाऊस किंवा विदर्भातील उन्हाळा या खात्यात कदाचित बसूनही जाईल. माणदेशातील लेखनाच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही, कारण तेथे पाण्याचा अभाव हाच पात्रांच्या कृतीचा, त्यांच्या परस्परसंबंधांचा आणि कथनाच्या गतीचा नियामक आहे. पाऊस पडला की पेरणी होते, तो पडला नाही की वस्ती उठते. त्यामुळे कथानकातील घटनांचा क्रमच पावसाच्या हवाली झालेला असतो.

एवढे मान्य केले तरी अडचण संपत नाही. उलट एक नवी अडचण उभी राहते. भूगोल हा कथनाचा नियामक आहे असे म्हटले की त्याला 'नियती' म्हणण्याचा मोह होतो, आणि दुष्काळी प्रदेशातील साहित्य हे निसर्गापुढे हतबल झालेल्या माणसाचे साहित्य ठरते. माणदेशाविषयीच्या पुष्कळ समीक्षालेखनाचा सूर असाच करुणरम्य आहे. हा सूर तपासून पाहावयाचा तर दोन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. अवर्षण ही भौगोलिक वस्तुस्थिती आहे. टंचाई ही सामाजिक वस्तुस्थिती आहे. आकाशातून किती पाणी पडले हे पहिलीत मोजले जाते. पडलेले पाणी कोणाच्या घागरीत गेले आणि ते घागरीत येण्यासाठी कोणी काय मोजले, हा दुसरीचा प्रश्न आहे. साहित्यकृतीत या दोहोंचे नाते कसे मांडले जाते, हा समीक्षेचा खरा विषय होय.

या दृष्टीने एकाच तालुक्यातील दोन लेखक शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. व्यंकटेश माडगूळकर (जन्म १९२७) हे आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचे. शंकरराव खरात (जन्म १९२१) हे आटपाडीचे. दोघांचे बालपण औंध संस्थानाच्या हद्दीत गेले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद १९८३ साली अंबाजोगाईस माडगूळकरांकडे, तर १९८४ साली जळगावास खरातांकडे आले. एवढे सामीप्य असूनही एकाचा विचार 'ग्रामीण साहित्य' या सदरात होतो, दुसऱ्याचा 'दलित साहित्य' या सदरात, आणि दोघांची भूमी एकच आहे ही गोष्ट दोन्ही सदरांत बाजूला राहते.

२

प्रथम या भूमीची रचना लक्षात घेतली पाहिजे. सातारा जिल्ह्यातील माण, सांगलीतील आटपाडी आणि सोलापुरातील सांगोला हे तालुके व त्यांना लागून असलेला मुलूख म्हणजे स्थूलमानाने माणदेश. माण नदी कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि पंढरपूरच्या खालच्या अंगाला सरकोलीपाशी भीमेस मिळते. वर्षाचा बराच काळ तिच्या पात्रात वाळूच असते. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर आपले बहुतेक पाणी टाकून येतात. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या या पट्ट्यात तो जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर भरतो. तोही बेभरवशाचा. जून-जुलैत वारा वाहतो, ढग दिसतात आणि पुढे निघून जातात. खरी आशा असते ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाची. त्यावरच रब्बीचा शाळू येतो. खाली काळा कातळ आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत, त्यामुळे एक विहीर पाण्याला लागते आणि हाकेच्या अंतरावरील दुसरी कोरडी जाते.

या रचनेतून जगण्याचे काही नियम निघतात. शेती एकट्याने पुरत नाही म्हणून मेंढरे येतात. मेंढरांना चारा पुरत नाही म्हणून भटकंती येते. धनगर आपला कळप घेऊन पाण्याच्या व चाऱ्याच्या मुलखाकडे उतरतात, बागायतदारांच्या रानात मेंढरे बसवतात, त्या खताच्या मोबदल्यात धान्य घेतात आणि पावसाच्या सुमारास परततात. घर हे येथे वर्षभर राहण्याचे ठिकाण नसून परत येण्याचे ठिकाण असते. मुक्काम आणि प्रस्थान यांची ही लय माणदेशी जीवनाची मूलभूत लय होय. तिच्या आधाराने साहित्यकृतीचा रूपबंध कसा घडतो, हे 'बनगरवाडी'त पाहावयास मिळते.

३

'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीचा निवेदक राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण शिक्षक आहे. धनगरांच्या एका लहानशा वाडीवरील शाळेत त्याची नेमणूक होते. तो येतो, वाडीचा विश्वास मिळवतो, वाडीकरांच्या श्रमातून तालीम उभी राहते, तिच्या उद्घाटनास राजेसाहेब येतात, आणि त्यानंतर पाऊस दगा देतो. कळप निघतात, घरे ओस पडतात, शाळेला मुले उरत नाहीत, मास्तरही वाडी सोडतो. रूढ अर्थाचे कथानक या कादंबरीला नाही, असे नेहमी म्हटले जाते. हे विधान अर्धे खरे आहे. व्यक्तींच्या इच्छांच्या संघर्षातून वाढत जाणारे कथानक येथे नाही, कारण व्यक्तींच्या इच्छांना या भूमीत फार लांबचा पल्ला नाही. परंतु आगमन, वस्ती आणि विसर्जन हा तीन टप्प्यांचा आकार कादंबरीला आहे, आणि तो धनगराच्या वर्षाचाच आकार आहे. मास्तर बाहेरचा असूनही नकळत त्याच लयीत ओढला जातो. तो येतो आणि जातो. मात्र धनगर जातो तो परतण्यासाठी. मास्तर परतण्याची खात्री नाही. लयीत आलेल्या या एका फरकामुळेच शेवटाला त्याची विषण्णता लाभते.

बाख्तिनने कादंबरीच्या संदर्भात काळ आणि अवकाश यांच्या अभिन्न गुंफणीचा विचार मांडला होता. 'बनगरवाडी'त ही गुंफण साधणारे द्रव्य पाणी आहे, असे म्हणता येईल. पाणी आहे तोवर वाडी हा अवकाश आहे, म्हणजे तेथे शाळा, तालीम, भांडणे व मनधरण्या यांना जागा आहे. पाणी संपताच ती नुसती जमीन होते. माडगूळकरांच्या आटोपशीर, विशेषणांना काचणाऱ्या निवेदनशैलीचा विचारही येथे करावा लागतो. ही शैली त्यांच्या इतर लेखनातही आहे, त्यामुळे तिला केवळ भूगोलाचे अपत्य मानणे बाळबोधपणाचे होईल. तथापि दुष्काळाचे वर्णन करताना ती आवाज चढवत नाही, हे महत्त्वाचे. माणसे उठून जातात ही घटना आक्रोशाविना सांगितली जाते, कारण वाडीच्या लेखी ती अपूर्व घटना नाही. वाचकाला जो अंत वाटतो, तो वाडीच्या दृष्टीने एक ऋतू असतो.

आता या कादंबरीतील एक प्रसंग पुन्हा वाचण्याजोगा आहे. शेकूजवळ औताची पुरी जोडी नाही. पाऊस झालेला आहे, जमिनीला वाफसा आलेला आहे, आणि अशा वेळी त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः जू मानेवर घेते. हा प्रसंग दारिद्र्याचे व सोशिकतेचे विदारक चित्र म्हणून अनेकदा उद्धृत होतो. त्यातील अवर्षणप्रवण शेतीचे गणित मात्र सहसा कोणी उलगडत नाही. कमी पावसाच्या मुलखात वाफसा फार थोडे दिवस टिकतो. त्या थोड्या दिवसांत प्रत्येकाला आपलेच रान उरकावयाचे असते, म्हणून ज्याच्याकडे बैल आहे तो उसना देऊ शकत नाही. अन्य वेळी शेजारधर्माने भागणारी उणीव नेमक्या त्याच आठवड्यात भागत नाही. म्हणजे पाऊस सर्वांच्या रानावर सारखाच पडला तरी तो सर्वांच्या हाती सारखा लागत नाही. बैलवाल्याच्या दृष्टीने तो सुगीची सुरुवात असतो. बिनबैलवाल्याच्या घरात त्याची किंमत बाईच्या खांद्याला मोजावी लागते. भूगोलाने घातलेली कालमर्यादा आणि मालकीतील विषमता यांचा सांधा येथे एका प्रतिमेत पकडला गेला आहे. अवर्षणाची टंचाई कशी होते, आणि ती घरात शिरल्यावर प्रथम कोणाच्या अंगावर पडते, हे माडगूळकरांनी भाष्याचा एक शब्दही न खर्चता दाखवले आहे.

येथे कादंबरीची ताकद दिसते, तशी तिची मर्यादाही दिसते. ही वाडी प्रामुख्याने एकाच जातीची आहे. रामोशी, मुसलमान अशी थोडी माणसे तिच्या कडेने वावरतात, परंतु गावगाड्याची संपूर्ण उतरंड तेथे नाही. परिणामी पाण्यावरून उद्भवणारे भेद येथे गरीब व त्याहून गरीब यांच्यातील भेद राहतात. दुसरे असे की निवेदकाचा पगार पावसावर अवलंबून नाही. त्याच्या पोटाला दुष्काळाची झळ लागते ती सर्वांत शेवटी, शाळा रिकामी झाल्यावर. तो सहृदय साक्षी आहे. साक्षीच्या जागेवरून अवर्षण स्वच्छ दिसते, टंचाई मात्र प्रसंगाप्रसंगानेच दिसते. याला लेखकाचा दोष म्हणता येणार नाही. निवेदकाच्या निवडीतून आलेली ती दृष्टीची कक्षा आहे. पण समीक्षेने ती कक्षा म्हणजेच संपूर्ण माणदेश मानला, ही चूक समीक्षेची आहे.

४

या कक्षेबाहेर काय होते, ते शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनात वाचावयास मिळते. तराळकी हे महारांकडे परंपरेने आलेले गावकामाचे नाव. निरोप पोचवणे, सरकारी अंमलदारांची बडदास्त राखणे, हद्दीत सापडलेल्या प्रेतावर पहारा करणे अशी कामे पाळीने करावयाची आणि मोबदल्यात गावाकडून भाकरतुकडा व बलुते घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. कोरडवाहू गावात बलुत्याचा आकार पिकावर ठरतो. पीक बुडाले की शेतकऱ्याचे धान्य घटते. बलुतेदाराचे मात्र घटण्यापूर्वीच तुटते, कारण देण्याच्या क्रमात तो शेवटी असतो. काम तेवढे तुटत नाही. अवर्षणाचा भार उतरंडीवरून खाली सरकत कसा जातो, याचे हे ढोबळ पण निर्णायक उदाहरण आहे.

या आत्मकथनातील विहिरीचा प्रसंग सुप्रसिद्ध आहे. विहिरीत एक प्रेत असते. तराळकीची पाळी असलेल्या वडिलांना ते बाहेर काढण्यासाठी हुकमाने विहिरीत उतरावे लागते, आणि मुलगा हे पाहत असतो. या प्रसंगाकडे वेठीच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून पाहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु माणदेशाच्या संदर्भात 'विहीर' या वस्तूचा अर्थ विसरून चालणार नाही. जेथे नदी आठ-दहा महिने कोरडी, तेथे विहीर हा गावाचा प्राण असतो. गावाची सारी पवित्र-अपवित्रतेची दक्षता तिच्या काठावर एकवटलेली असते. ज्या व्यवस्थेत गावच्या पाणवठ्यावर महाराची घागर वर्ज्य, त्याच व्यवस्थेत प्रेत काढण्यासाठी विहिरीच्या तळाशी जाणारे शरीर मात्र महाराचेच. पाण्यापर्यंत पोचण्याची बंदी आणि पाण्यात उतरण्याची सक्ती या दोन्ही गोष्टी एकाच अधिकारातून निघतात. सवर्णांच्या दृष्टीने विहीर हे जीवनाचे स्थान. तराळाच्या वाट्याला येते ती विहिरीतील मृत्यूची बाजू. माडगूळकरांच्या वाडीत पाणी आटणे ही आपत्ती असते. खरातांच्या विहिरीत पाणी भरलेले असूनही आपत्ती असते.

दोन्ही संहितांतील प्रस्थानांचा फरकही येथेच लक्षात घ्यावा. धनगराचे प्रस्थान आडवे आहे. ते एका मुलखातून दुसऱ्या मुलखात होते व वर्तुळ पूर्ण करून मूळ जागी येते. 'तराळ-अंतराळ' हे शीर्षकच उभ्या दिशेची हालचाल सुचवते. तराळाचा मुलगा शिक्षणाच्या बळावर गाव सोडतो, वकील होतो, विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचतो. या प्रवासात परतणे हा लयीचा भाग नाही, परतणे हा पराभव ठरला असता. एकाच अवर्षणग्रस्त तालुक्यातून निघालेल्या दोन वाटांपैकी एक पाण्याच्या शोधात जाते, दुसरी पाणवठ्याच्या नियमांपासून दूर जाते. एक रचना चक्राकार होते, दुसरी रेषात्म. ग्रामीण कादंबरी आणि दलित आत्मकथन यांतील हा रूपबंधाचा फरक केवळ वाङ्मयप्रकाराच्या संकेतांनी स्पष्ट होत नाही. भूगोलाशी असलेल्या दोन भिन्न सामाजिक नात्यांतून तो आलेला आहे.

५

यावर असा आक्षेप घेता येईल की खरातांच्या लेखनातील पाण्याचा प्रश्न हा जातीचा प्रश्न आहे, त्याचा अवर्षणाशी संबंध जोडणे अनाठायी आहे. आक्षेपात तथ्य आहे. त्याची कसोटी माणदेशाबाहेर, महाडला घेता येते. महाड कोकणात आहे. तेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ साली केला होता, आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचेही ठरवले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्यावे लागले. न्यायालयातील अखेरचा निकाल यावयास १९३७ साल उजाडले. पावसाने तुडुंब भरलेल्या तळ्याच्या काठी माणसे तहानलेली होती. अर्थात टंचाईला अवर्षणाची गरज नाही, हे महाडने सिद्ध केले आहे.

परंतु यावरून अवर्षणाचा विचारच गैरलागू ठरतो काय? तसे नाही. महाडमध्ये अन्याय स्पष्ट दिसला, कारण पाणी मुबलक होते. माणदेशात तोच अन्याय झाकला जातो, कारण तेथे निसर्गाकडे बोट दाखवता येते. पाऊसच नाही तर कोण काय करणार, हे वाक्य अवर्षणग्रस्त मुलखात सर्वांच्या तोंडी असते आणि ते खोटेही नसते. मात्र त्याच्या आडोशाला वाटपाचा प्रश्न निवांत राहतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात दाखवून दिले की दुष्काळातील उपासमारीचे कारण अन्नाच्या एकूण साठ्यात नेहमीच सापडत नाही. ते त्या अन्नावर कोणाचा हक्क पोचतो यात सापडते. पाण्याच्या बाबतीत हा विचार अधिकच लागू पडतो, आणि तो साहित्याच्या वाचनालाही दिशा देऊ शकतो. दुष्काळाचे चित्रण किती हृदयद्रावक झाले आहे या प्रश्नाच्या जोडीला, दुष्काळाचे हप्ते कोणी भरले हे संहिता दाखवते की झाकते, हा प्रश्न विचारावा लागतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर हा प्रश्न राज्याच्या धोरणातही निराळ्या रीतीने उभा राहिला. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणारी माणसे आणि त्या श्रमातून झालेल्या पाझर तलावांच्या पाण्याचे लाभधारक ही एकच मंडळी नव्हती. भूमिहीनाने तलाव खणावा आणि पाणी जमीनवाल्याच्या विहिरीत उतरावे, असे घडत राहिले. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीशी न जोडता माणसाशी जोडला आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. पुढे १९९० च्या दशकात आटपाडी परिसरात नागनाथअण्णा नायकवडी व डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली. माणदेशाचे दुःख हे केवळ आकाशाने दिलेले नाही, ही जाणीव या चळवळींनी ज्या स्पष्टपणे मांडली, तितक्या स्पष्टपणे ती माणदेशी साहित्याच्या समीक्षेत आली नाही.

६

टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी आता आटपाडी-सांगोल्याच्या काही भागांत पोचले आहे. त्याआधीपासूनच ठिबकच्या आधाराने डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. माडगूळकरांचा माणदेश इतिहासजमा होत चालला, अशी हळहळही अधूनमधून ऐकू येते. ही हळहळ संशयास्पद आहे. वाङ्मयीन आस्वादासाठी एखाद्या प्रदेशाने कोरडे राहावे, अशी अपेक्षा त्यात दडलेली असते. शिवाय कालव्याचे पाणी आले म्हणून टंचाई संपते असे नाही. ती फक्त नवे रूप घेते. पाणीपट्टी कोण भरू शकतो, शेवटच्या टोकाच्या रानात पाणी पोचते की नाही, ज्याला रानच नाही त्याचे काय, हे प्रश्न उरतातच, आणि ते आता पावसावर ढकलताही येत नाहीत.

म्हणून 'बनगरवाडी' आणि 'तराळ-अंतराळ' या संहितांचे मूल्य प्रदेशाचे हवामान पालटल्याने उणावत नाही. त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या तर अवर्षणाने माणसाला कोणती लय दिली आणि समाजाने त्या लयीत कोणाला कोणती जागा दिली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसू लागतात. पहिलीवाचून दुसरी वाचली तर तराळाच्या विहिरीची जमीन हरवते. दुसरीवाचून पहिली वाचली तर शेकूच्या बायकोच्या मानेवरचे जू निसर्गाने ठेवले, असे वाटत राहते. ते जू पावसाने ठेवलेले नव्हते. पावसाने फक्त चार दिवसांची मुदत घालून दिली होती. ग्रामीण आणि दलित अशा दोन स्वतंत्र सदरांत या लेखनाची वाटणी करणाऱ्या अभ्यासक्रमांनी व समीक्षाग्रंथांनी आपल्या वर्गीकरणाचा फेरविचार करावा, एवढी मागणी या संहिताच करीत आहेत.